शेजाऱ्यांचे वडील

यातला एकही शब्द माझ्या पदरचा नाही.

हे घडलं माझा मावसभाऊ संग्राम इंगवले याच्या बाबतीत. २००७ साली तो अमेरिकेत पार्सिपनीला माझ्या घरी आला होता, तेव्हा स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून त्यानं मला हे सांगितलं. पूर्ण दोन तास. त्या दोन तासांत त्यानं एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही.

असं काही सांगणारा माणूस घाबरलेला असतो, अशी माझी समजूत होती.

संग्राम घाबरलेला नव्हता. त्याला लाज वाटत होती.

दिवस, २३ ऑक्टोबर २००४. शनिवार. आदल्या दिवशी दसरा झाला होता. वेळ रात्रीची नाही, अमावस्याही नाही. लख्ख उन्हाची दुपार. तीन ते साडेपाच.

ठिकाण, मॅसेच्युसेट्सच्या दक्षिणेला, फॉल रिव्हर शहराच्या अलीकडे, नदीकाठचं एक खेडं. नाव मी मुद्दाम सांगत नाही. तिथे अजून माणसं राहतात.

पोर्तुगालच्या बेटांवरून आलेल्या लोकांनी शंभरेक वर्षांपूर्वी हे खेडं वसवलं. दगडी कुंपणं, घरांच्या भिंतींवर निळ्या-पांढऱ्या फरशीतले संत, दारापुढे द्राक्षाचे मांडव. एक छोटं चर्च. चर्चच्या मागून नदीच्या कडेकडेनं जाणारी पायवाट. ती वाट दीड मैलावर एका पडक्या पाणचक्कीपाशी संपते.

संग्रामचा मॅनेजर पॉल मेडेरोस मूळचा या गावचा. "माझ्या आजोबांचं गाव दाखवतो," असं म्हणून त्यानं टीममधल्या पाच जणांना बोलावलं होतं. चर्च, पाणचक्की, नदीकाठचा ट्रेल, आणि सहाच्या आत घरी. त्या वर्षी बॉस्टनची बेसबॉलची टीम फायनलला पोचली होती आणि त्या संध्याकाळी पहिली मॅच होती.

संग्रामला जाणं भाग होतं. त्याच्या ग्रीन कार्डचे कागद पॉलच्या टेबलावर होते.

अडचण एकच होती.

आप्पा.

आप्पा म्हणजे संग्रामचे वडील, राजाराम इंगवले. राहणार तासगाव. मार्च महिन्यात संग्रामची आई गेली. संग्रामला जाता आलं नाही. मग ऑगस्टमध्ये त्यानं आप्पांना सहा महिन्यांसाठी श्रूजबरीला आपल्या घरी आणलं. ऑफिसात त्यानं हे कुणाला सांगितलं नव्हतं. त्या शनिवारी आश्लेषा, त्याची बायको, बहिणीच्या डोहाळजेवणाला मिशिगनमधल्या नोव्हायला गेली होती.

"नदी आहे म्हणतोस? मग मी येतो की," आप्पा म्हणाले.

नाही कसं म्हणणार?

चर्चसमोर गाडी थांबली. आप्पा उतरले. डोक्यावर पांढरी टोपी. पायजम्यावर संग्रामचं जुनं जॅकेट. मोज्यांवर चपला. उतरल्या उतरल्या ते मोठ्यानं खाकरले आणि झाडाच्या बुंध्याशी थुंकले.

वळून बघतात तर समोर पॉल. त्याच्यामागे बाकीचे.

"अँड हू इज धिस?" पॉलनं विचारलं. अगदी हसून.

आणि संग्राम म्हणाला...

"माय नेबर्स फादर."

शेजाऱ्यांचे वडील. त्यांच्या मुलाला आज काम आहे, म्हणून मी सोबत आणलं.

"मी ठरवलं नव्हतं रे," संग्राम मला म्हणाला. "तोंडातून निघून गेलं."

आप्पा बत्तीस वर्षं पाटबंधारे खात्यात होते. कालवा निरीक्षक म्हणून रिटायर झाले. खात्याची इंग्रजी पत्रं वाचण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. नेबर म्हणजे काय आणि फादर म्हणजे काय, हे त्यांना कुणी समजावून सांगायला नको होतं.

त्यांनी पॉलला हात जोडले.

"हॅलो," म्हणाले.

संग्रामकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

चर्चला लागूनच पॉलच्या आत्याचं घर होतं. ऐंशीच्या घरातली बाई. काळे कपडे, कानात सोन्याच्या रिंगा. चर्चची किल्ली तिच्याकडे असायची. आप्पा सरळ तिच्या अंगणातल्या द्राक्षाच्या मांडवाखाली जाऊन उभे राहिले. एक काडी हातात धरून तिला दाखवायला लागले.

"इथून कापायची. दोन डोळे ठेवून. आमच्याकडं आता छाटणीच चालू असेल."

मराठीत.

ती पोर्तुगीजमध्ये काहीतरी म्हणाली आणि दुसरी काडी दाखवली. आप्पांनी मान हलवली. दोघं हसले. महिनाभरात आप्पा हसलेले संग्रामनं पाहिले नव्हते.

डॅन म्हणून त्याचा एक सहकारी होता. तो म्हणाला, "युवर नेबर्स डॅड इज अ हूट." भलताच गमतीदार माणूस आहे म्हणे.

संग्राम कसंनुसं हसला.

आप्पांच्या गुडघ्यांना दीड मैल चालणं झेपणारं नव्हतं. चर्चच्या मागे, नदीकडे तोंड करून एक दगडी बाक होता. संग्रामनं त्यांना तिथं बसवलं.

"आप्पा, अर्ध्या तासात येतो. इथून हलू नका."

आप्पांनी मान हलवली. नजर नदीवर.

सगळे निघाले. संग्राम सर्वांत मागे.

पहिली दहा मिनिटं काही नाही. लाल-पिवळी पानं, डावीकडे संथ नदी, पुढे पॉलचा आवाज. इथे होड्या लागायच्या, इथे मासळी वाळवायचे...

मग संग्रामच्या लक्षात आलं.

पक्षी गप्प झालेत.

वारा होता. पानं हलत होती. पण सळसळ नव्हती. पुढे चाललेल्या पाच जणांच्या पायांखाली वाळलेली पानं चुरडत होती, त्याचाही आवाज नव्हता. टीव्हीचा आवाज बंद करावा तसं.

आणि त्या शांततेत, मागून...

चप्.

चप्.

ओल्या बुटांनी कुणीतरी चालतंय.

त्याला वाटलं, आप्पा आले की काय मागोमाग? तो वळला.

वाट रिकामी.

तो चालायला लागला. चप्... चप्... या वेळी आवाज जवळ नव्हता. दूर जात होता. आलेल्या वाटेनं, मागे. चर्चच्या दिशेनं.

मग एकदम सगळे आवाज परत आले. पक्षी, पानं, पॉलचं बोलणं. जणू काही झालंच नव्हतं.

पाणचक्कीपाशी ते चार वाजून वीस मिनिटांनी पोचले. अर्धा तास कधीच उलटून गेला होता. भिंती ढासळलेल्या, आत झाडं उगवलेली, दगडी जातं तेवढं शाबूत. डॅननं त्याला विचारलं, "तो म्हातारा तिथे एकटा ठीक असेल ना? इंग्लिश येतं का त्याला?"

संग्रामनं उत्तर द्यायला तोंड उघडलं.

आवाज आला नाही.

घसा दुखत नव्हता. बसलाही नव्हता. ओठ हलत होते, श्वास जात होता. फक्त आवाज नव्हता... कुणीतरी उचलून नेल्यासारखा.

त्यानं खाकरून पाहिलं. काही नाही. थंडीनं झालं असेल, असं त्यानं खुणेनं डॅनला सांगितलं आणि बाजूला जाऊन पाणी प्यायला. सगळे फोटो काढत होते, मॅचबद्दल बोलत होते. तो मुका उभा होता.

पाचला दहा कमी असताना आवाज परत आला.

त्यानं बोलायचा प्रयत्नही केला नव्हता. आवाज आपोआप निघाला. मोठ्यानं. सगळ्यांनी वळून पाहिलं.

शब्द होता, "आप्पा".

परतताना तो सर्वांच्या पुढे होता. जवळजवळ पळत.

वाटेत एके ठिकाणी दलदल आहे. तिथे लाकडी फळ्या टाकल्या आहेत. जाताना त्या कोरड्या होत्या. आता त्यांच्यावर पावलं उमटली होती.

ओली.

नदीच्या काठावरून वर आलेली. फळ्यांवरून चर्चकडे गेलेली. परत आलेलं एकही पाऊल नव्हतं.

"कोणी नदीत पडलं की काय?" डॅन मागून म्हणाला.

संग्रामला काय वाटलं कुणास ठाऊक. त्यानं आपला बूट एका ठशावर ठेवला.

तंतोतंत बसला. लांबी तीच. तळव्याची नक्षीही तीच.

आप्पा बाकावर होते. जसे सोडले होते तसेच. पण चेहरा... चेहरा वेगळा होता. रडून मोकळ्या झालेल्या माणसाचा असतो तसा. बाकावर त्यांच्या शेजारी, एक माणूस बसेल एवढी जागा ओली होती. खाली दगडावर पाण्याचं थारोळं.

पॉलची आत्या हातात टॉवेल घेऊन उभी होती. पॉलला बघताच तिनं भराभर बोलायला सुरुवात केली. पॉल अडखळत सांगायला लागला.

"ती म्हणतेय, यांचा मुलगा आला होता. इथे बसला. अर्धा तास. हात धरून रडत होता. भिजलेला होता म्हणून ही टॉवेल आणायला आत गेली, तर तेवढ्यात..." पॉल थांबला. "मी तिला सांगितलं, यांचा मुलगा आज कामावर आहे."

म्हातारीची नजर संग्रामवर गेली. तिनं बोट दाखवलं. हाच!

मग तिनं त्याच्या बुटांकडे पाहिलं.

कोरडे. धुळीनं भरलेले.

ती एक पाऊल मागे सरली आणि तिनं छातीवर क्रूसाची खूण केली.

आप्पा हळूच मराठीत म्हणाले, "सांगितलंस का यांना?"

"काय सांगू?"

"मघाशी म्हणालास ना. सगळे परत आले की सांगतो, हा माझा बाप आहे म्हणून."

पाच जण त्याच्याकडे बघत होते. पॉल एकदा आप्पांच्या तोंडाकडे बघत होता, एकदा संग्रामच्या. नाक तेच. कान तेच.

आप्पा वाट बघत होते.

एक वाक्य. चार शब्द. त्या क्षणी बोलला असता तरी सगळं निभावलं असतं.

"चला आप्पा, उशीर होतोय," संग्राम म्हणाला.

"भुताला मी घाबरलो नव्हतो," तो मला म्हणाला, टेबलावरच्या एका डागाकडे बघत. "पॉल काय म्हणेल, याला घाबरलो होतो. कळतंय तुला? त्या वेळीसुद्धा."

गाडीत, वीसेक मिनिटांनी आप्पा म्हणाले, "पासपोर्टचं सांगितलंस ते बरं केलंस."

संग्रामचा पाय ब्रेकवर गेला. मागच्या गाडीनं हॉर्न दिला.

"कसलं पासपोर्टचं?"

"स्वेटरखाली होता म्हणालास ना. कपाटात."

आता हे नीट ऐका.

मार्चमध्ये आई गेल्याचा फोन आला, तेव्हा संग्रामनं सगळ्यांना सांगितलं होतं की पासपोर्ट वकिलाकडे अडकलाय. आप्पांना तेच सांगितलं, मला तेच, आश्लेषालाही तेच. पण पासपोर्ट घरीच होता. कपाटात, हिवाळ्याच्या स्वेटरांच्या खाली. त्याचा व्हिसाचा शिक्का संपला होता. भारतात गेलो आणि नवा शिक्का मिळाला नाही, तर नोकरी जाईल, याची त्याला भीती होती. त्या रात्री त्यानं पासपोर्ट बाहेर काढला, उघडून पाहिला आणि परत स्वेटरांखाली ठेवला.

हे जगात एकाच माणसाला माहीत होतं.

"जाऊ दे," आप्पा म्हणाले. त्यांनी गाडी चालवणाऱ्या संग्रामच्या डोक्यावर हात ठेवला. "सांगितलंस ना. माझ्या मनात आता काही नाही."

तेव्हाच बोलायला हवं होतं. आप्पा, बाकावर बसला होता तो मी नव्हतो. मी काहीही सांगितलेलं नाही.

पण डोक्यावर हात होता. माफी आयती मिळाली होती. मागावीही लागली नव्हती.

संग्राम गप्प बसला.

थोड्या वेळानं आप्पांनी हात काढून घेतला. मान खाली घालून बसले. त्याला वाटलं, डुलकी लागली.

पुढे आप्पा जानेवारीत परत गेले. ऑफिसात पॉल त्या दिवसाबद्दल कधी बोलला नाही. फक्त दर सोमवारी कॉफी घेताना विचारायचा, "हाऊज युवर नेबर्स फादर?" टोमणा नसायचा त्यात. खरंच चौकशी असायची. दर सोमवारी संग्राम म्हणायचा, "ही इज फाइन."

शेजाऱ्यांचे वडील बरे आहेत.

कागदांवर पॉलनं सही केली. २००६ च्या नोव्हेंबरमध्ये ग्रीन कार्ड हातात आलं. आता कुठेही जा, कधीही या, कुठल्या शिक्क्याची गरज नाही. म्हणजे सांगायला कारणही उरलं नाही. त्याच रात्री, तासगावात सकाळ असताना, संग्रामनं फोन लावला.

"आप्पा... त्या दिवशी बाकावर... तो मी नव्हतो."

पलीकडे लांब कुठेतरी ट्रॅक्टर चालू होता.

"माहीत आहे," आप्पा म्हणाले.

"कधीपासून?"

"गाडीत. तुझे बूट बघितले, कोरडे ठक्क. आणि तू गप्प. ज्यानं तेवढं रडून सांगितलं, तो असा गप्प बसत नाही."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"तू बोलतोस का, ते बघत होतो."

दोन वर्षं!

"पण तुम्ही तर माफ केलंत..."

"ते त्याला केलं. कोण होता देव जाणे. नुसता गारठला होता, हात बर्फासारखा. तोंड नदीकडं. एकदासुद्धा माझ्याकडं वळला नाही. म्हटलं, जा बाबा, सोडलं तुला." आप्पा थांबले. "तू कुठं मागितलीस अजून?"

संग्राम बोलायला लागला. आईचं, पासपोर्टचं, त्या दिवशी चर्चसमोर बोललेलं. आवाज फाटत होता.

"थांब," आप्पा म्हणाले.

"काय?"

"हा तूच बोलतोयस ना?"

"हो आप्पा. मीच."



"फोनवर काय कळतंय," आप्पा म्हणाले. "इकडं ये. समोर बस."

डिसेंबरात तो गेला. तासगावच्या घरात, पुढच्या सोप्यावर, दिवसाउजेडी दोघं समोरासमोर बसले. संग्रामनं सगळं सांगितलं. त्याला वाटलं होतं, एकदा सुरुवात केली की भडाभडा बाहेर येईल. तसं झालं नाही. तो अडखळला. दोन ठिकाणी त्यानं स्वतःची बाजू सावरली आणि ते त्याच्याच लक्षात आलं. आईच्या नावापाशी रडू येईल असं वाटलं होतं, तेही आलं नाही.

आप्पांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"त्यानं जास्त नीट सांगितलं होतं," ते म्हणाले.

रागावून नाही. दोन आंबे हातात घेऊन बघावेत तसं.

मग त्यांनी संग्रामला जवळ घेतलं. पाठीवरून हात फिरवला. म्हणाले, "असू दे. झालं ते झालं." संग्रामला ते मिळालं, ज्यासाठी तो गेला होता. पण पाठीवर फिरणारा तो हात मधेच थांबला, आणि आप्पा त्याच्या डोक्यावरून अंगणाकडे बघत म्हणाले,

"नाव विचारायला पाहिजे होतं रे मी."

"कुणाचं?"

"त्याचं. एवढा वेळ बसला. त्याचाही कुणीतरी असेल, ज्याला सांगायचं राहून गेलं. आणि मी येडा, तुझ्याच नावानं हाका मारत राहिलो त्याला."

संग्राम इथे थांबला. मला वाटलं, संपलं. मी उठून दिवा लावला.

"तो कोण होता, माझा आवाज त्यानं कसा नेला, माझ्या मनातलं त्याला कसं कळलं, मला काही माहीत नाही," तो म्हणाला. "मी नंतर एकदा एकटा त्या गावी गेलो होतो. बाकावर तासभर बसलो. काहीही झालं नाही. पॉलच्या आत्यानं मला खिडकीतून बघितलं आणि पडदा ओढला."

"आणि आप्पा?"

"आप्पा बरे आहेत. दर रविवारी फोन करतो मी."

मग अगदी हळू आवाजात...

"फोन ठेवताना ते विचारतात, कसा असेल रे तो? पोचला असेल का कुठं? दर रविवारी. आधी त्याची चौकशी करतात. मग माझी."